दिवसा वीज पाहिजेच, पण गायरान फुकटात का?

रात्री दोनला मोटार चालू करायला जो बांधावरून गेलाय, त्याला दिवसाच्या विजेचं मोल सांगावं लागत नाही. अंधार, थंडी, साप. जुन्नरकडचे असाल तर बिबट्यासुद्धा. त्यामुळे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा मी उघड समर्थक आहे. राजस्थानात भाडलाला २२४५ मेगावॅटचा एकच अवाढव्य पार्क आहे. त्यापेक्षा गावच्या सबस्टेशनजवळ दोन-पाच मेगावॅटचा प्रकल्प टाकून तिथल्याच पंपांना दिवसा वीज देणं मला कधीही जास्त पटतं.

माझं भांडण जमिनीच्या हिशोबाशी आहे.

खाजगी शेतकऱ्याने जमीन दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला, शिवाय दरवर्षी ३ टक्के वाढ. चांगला दर आहे, कोरडवाहूत एवढं सुटत नाही. पण सरकारी जमीन, म्हणजे बऱ्याच ठिकाणी गायरान, नाममात्र भाड्याने जाते. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षं. एकूण १५ लाख.

आता मांडा गणित. पाच मेगावॅटला साधारण १० हेक्टर लागतात. खाजगी दराने पहिल्याच वर्षाचं भाडं साडेबारा लाख. २५ वर्षांचं, वाढ धरून, साडेचार कोटींच्या वर जातं. गावाच्या पदरात पंधरा लाख! मग लोक आडवे आले की लगेच ‘विकासाला विरोध’ म्हणून मोकळे.

गायरान कुणाच्या सातबाऱ्यावर नाही म्हणून कागदावर ते रिकामं दिसतं. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही त्याच्या शेळ्या तिथेच चरतात, धनगराच्या मेंढ्या तिथेच बसतात. या माणसाला पंप नाही, म्हणजे दिवसाच्या विजेचाही थेट फायदा नाही. जागा मात्र त्याचीच गेली.

उपाय फार अवघड नाही. गायरानाचंही भाडं खाजगी दराने, पूर्ण मुदतभर, ग्रामनिधीत जमा करा. पॅनेलचे सांगाडे थोडे उंच घ्या आणि मेंढ्या आत सोडा. नाहीतरी पॅनेलवर सावली पडू नये म्हणून तिथलं गवत माणसं लावून कापावंच लागतं. खर्च थोडा वाढेल, मान्य. तो कंपनीने आणि सरकारने वाटून घ्यावा, शेळीवाल्याने का?

तुमच्या गावात गायरानावर प्रकल्प आला असेल तर ग्रामसभेत खरंच चर्चा झाली होती, की नुसत्या सह्या फिरल्या? कमेंटमध्ये तालुक्यासकट लिहा.