तिकीट काढले म्हणून? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सूर हरवलेल्या फुटबॉलपटूंच्या पाठीशी प्रेक्षकांनी उभे राहावे, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : तिकीट काढणाऱ्याला हुर्यो उडवण्याचा हक्क आहे, कोट्यवधींचे मानधन घेणाऱ्याने ती सोसलीच पाहिजे, भारतीय फुटबॉल संघाचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री स्वतः ‘शिव्या द्या, पण मैदानात या’ असे म्हणाला होता, आणि आर्सेनल या इंग्लिश क्लबाचा एकेकाळचा कर्णधार ग्रॅनिट झाका याच्याविषयीचा माझा तपशील चुकला आहे. एवढ्यावर आपण थांबला असतात, तर दोन ओळींत आभार मानून मी हा विषय संपवला असता. परंतु शेवटी आपण लिहिता, “कोकणात माडाखाली बसून टीव्हीवर सामने पाहणाऱ्याने स्टेडियममधल्या प्रेक्षकाला शहाणपण शिकवू नये.” हे वाक्य मला लागले आणि ते मी लपवत नाही.

आधी आपले जे बरोबर आहे ते मान्य करतो. आर्सेनलच्या घरच्याच प्रेक्षकांनी झाकाची हुर्यो उडवली तो क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा सामना २७ ऑक्टोबर २०१९ रोजी झाला आणि त्याचे कर्णधारपद नोव्हेंबरमध्ये गेले. मी दोन्ही गोष्टी ऑक्टोबरमध्येच घडल्याचे लिहिले होते. चूक माझी आहे. मात्र तोच झाका २०२३ पर्यंत त्याच क्लबात टिकला आणि पुढच्याच हंगामात लेव्हरकुसेनकडून एकही सामना न हरता जर्मन लीग जिंकला, याकडे आपण सोयीस्करपणे दुर्लक्ष केले आहे.

आता माडाविषयी. आपण टोपणनावाने लिहिता, म्हणून आपले गाव मला ठाऊक नाही. मी सावंतवाडीचा आहे. बांदा ओलांडले की आम्हाला गोवा लागतो. आमच्याकडची कितीतरी माणसे रोज तिकडे कामाला जातात आणि धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या क्लबांच्या निकालांवरचे वाद ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. मडगावच्या फातोर्डा मैदानावर मी किती तिकिटे काढली आहेत याचा हिशेब मी ठेवलेला नाही आणि आपल्यासमोर तो मांडण्याची वेळ येईल असे वाटलेही नव्हते. पण आपण विचारलेच आहे, तर एकाच तिकिटाविषयी सांगतो.

२० डिसेंबर २०१५ च्या रविवारी इंडियन सुपर लीगची अंतिम लढत फातोर्ड्यावर होती, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलाने गोवा २-१ असा पुढे गेला, तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा खाली पडला. ९०व्या मिनिटाला गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या नावावर स्वयंगोल लागला, म्हणजे आपल्याच जाळ्यात चेंडू गेला. भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने त्यांचा तिसरा गोल केला आणि हातात आलेला चषक गेला. शेजारचे गृहस्थ रिकामी पाण्याची बाटली चुरगाळत, खाली मान घालून बसून राहिले. मागच्या रांगेतून गोलरक्षकाच्या नावाने शिव्या सुरू झाल्या तेव्हा ते वळले आणि कोकणीत एवढेच म्हणाले, “भुरगो आमचोच तो.” म्हणजे, पोरगा आपलाच आहे. मागची रांग गप्प झाली. त्या गृहस्थांनीही तिकीट काढले होते, माझ्याइतकेच आणि आपल्याइतकेच.

कट्टीमनी त्यानंतरही काही वर्षे गोव्याकडेच खेळला आणि मग हैदराबादला गेला. २० मार्च २०२२ रोजी पुन्हा अंतिम सामना होता, पुन्हा फातोर्ड्यावरच. केरला ब्लास्टर्सविरुद्ध पेनल्टी शूटआउट झाले आणि त्यात कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवून हैदराबादला ३-१ असा विजय मिळवून दिला. हा सामना मी टीव्हीवर पाहिला आणि ते सांगताना मला कोणताही कमीपणा वाटत नाही. आपण म्हणाल, शिव्या खाल्ल्या म्हणूनच तो घडला. या दोन सामन्यांमध्ये सहा वर्षांहून अधिक काळ गेला आहे, आणि त्या काळात कोणी ना कोणी विश्वासाने त्याला गोलखांबांमध्ये उभे केले, म्हणूनच तो दिवस त्याच्या वाट्याला आला.

हे मी नुसते प्रेक्षक म्हणून सांगत नाही. कॉलेजात असताना मी स्वतः गोलरक्षक होतो. भातकापणीनंतर कुणगे सपाट करून केलेल्या मैदानावर आमच्या गावची स्पर्धा होती. कॉर्नरवरून आलेला सोपा चेंडू माझ्या हातांतून निसटला आणि गोल झाला. बांधावरून कोणीतरी ओरडले, “हात घराक ठेवन इलंस काय रे?” सगळे हसले, आणि मग माझ्याकडे चेंडू आला की तेच वाक्य, तोच हशा. उरलेल्या वीस मिनिटांत गोलासमोर बाजूने मारलेले तीन उंच चेंडू, म्हणजे क्रॉस, आले. तिन्ही माझ्या आवाक्यातले होते. दोन पावले पुढे येऊन उडी मारायची होती, पण मी रेषेवरून हललोच नाही, कारण पुढे जाऊन चुकलो तर पुन्हा तो आवाज येणार हे मला माहीत होते. तिसऱ्या क्रॉसवर गोल झाला. ओरडणारे माझ्याच गावचे होते आणि हरलेला संघही त्यांचाच होता.

माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. घरच्याच प्रेक्षकांना घाबरलेला खेळाडू जोर लावून खेळू लागत नाही, तो लपतो. मधल्या फळीतला असेल तर प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला उभा राहतो, म्हणजे चेंडू आपल्याकडे येणार नाही. आलाच तर मागे ढकलतो. त्याच्या नावावर चूक लागत नाही, पण संघ दहा जणांनी खेळत राहतो. याच्या उलट काय करता येते ते जर्मन खेळाडू काई हावर्ट्झच्या बाबतीत दिसले. आर्सेनलमध्ये आल्यापासून अधिकृत सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल नसताना, ३० सप्टेंबर २०२३ रोजी बोर्नमथच्या मैदानावर पेनल्टी मिळाली आणि सहकाऱ्यांनी चेंडू त्याच्या हाती दिला. त्याने गोल केला आणि प्रवास करून आलेल्या प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा गजर केला. हंगाम संपला तेव्हा लीगमध्ये त्याचे १३ गोल झाले होते.

राहिला छेत्री. १ जून २०१८ रोजी मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले, छेत्रीने तीन गोल केले, आणि सामन्याला हजर होते २,५६९ प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी त्याने चित्रफितीतून हात जोडून विनंती केली, ती युरोपीय क्लबांवर प्रेम करणाऱ्या आणि भारतीय फुटबॉलकडे पाठ फिरवणाऱ्यांना. मैदानात या, तोंडावर टीका करा, ओरडा, शिव्या द्या, कोण जाणे, एखाद्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी टाळ्या वाजवू लागाल, असा त्याचा आशय होता. आपण त्यातले शेवटचे वाक्य गाळून उरलेले माझ्या तोंडावर फेकले आहे. रिकाम्या मैदानाने कळवळलेल्या माणसाची ती विनवणी होती आणि आपण तिचा परवाना केलात. हे मला आपल्या माडाच्या टोमण्याहूनही अधिक खटकले. ४ जूनला केनियाविरुद्ध, छेत्रीच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याला, तेच मैदान भरले. लोक त्याला शिव्या देण्यासाठी आले नव्हते. भारत ३-० असा जिंकला आणि त्यातले दोन गोल छेत्रीचे होते.

मानधनाच्या मुद्द्यावर मी लिहिणार नाही. पगार मोठा असला की माणसाला भीती वाटत नाही, असे आपल्याला खरोखर वाटत असेल तर आपल्यात बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

झाकाच्या तारखांची दुरुस्ती आज सकाळीच केली आहे. बाकी लेखातला एकही शब्द मी बदललेला नाही.