पाटीवरची डिग्री आणि पुडीतल्या गोळ्या

होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी सीसीएमपीचा, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा, एक वर्षाचा कोर्स केला, तर त्यांनी ॲलोपॅथीची औषधं लिहावीत की नाही, यावरून महाराष्ट्रात जुंपली आहे. २०२५च्या सप्टेंबरात आयएमए या ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने त्याविरोधात एक दिवसाचा संपही केला. दोन्ही बाजूंचं इथे इंग्लंडमध्ये बसून वाचताना चिडचिड होते. सगळे पाटीवरच्या अक्षरांबद्दल बोलतात. पेशंट पायऱ्या उतरून गेला की दवाखान्याच्या लेखी तो उरतो का, हे कुणी विचारत नाही.

इंग्लंडमधल्या खेड्यातली प्रॅक्टिस बघा, आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणारा पेशंट घ्या. गोळी आठवड्यातून एकाच दिवशी. चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी बनणंच थांबतं, जीवही जातो. म्हणून फक्त २.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या द्यायच्या, १०च्या नाहीत. लेबलवर वार लिहायचा, फॉलिक ॲसिड वेगळ्या वारी. डोस बसला की दर १२ आठवड्यांनी रक्ततपासणी: पेशी, लिव्हर, किडनी. रिपोर्ट जुना झाला की पुढच्या गोळ्या अडतात आणि डिस्पेन्सरीतून रक्ताची तारीख मिळते.

तरी चुकतंच, आणि बहुधा एकाच जागी. औषध हॉस्पिटलने सुरू केलेलं असतं, पत्र स्कॅन होऊन येतं, पण औषध पेशंटच्या यादीत चढवायचं राहून जातं. यादीत नाही, म्हणून संगणक गप्प. पुढे लघवीच्या जळजळीवर कुणीतरी ट्रायमेथोप्रिम लिहितं. दोन्ही औषधं फोलेटच्याच, म्हणजे पेशी बनायला लागणाऱ्या जीवनसत्त्वाच्या, मुळावर उठणारी, पेशी कोसळतात. लिहिणारा एमआरसीजीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टरची परीक्षा पास झालेला, असला तरी त्या क्षणी त्याला काही दिसत नाही. पत्र नीट वाचून औषध चढवणारी कारकून बाई असेल तर पेशंट वाचतो.

आता आपल्याकडचं. गोळ्या कागदाच्या पुडीत, नाव नाही, मिलिग्रॅम नाही. पांढरी सकाळी, गुलाबी रात्री. त्या पांढरीत स्टेरॉइड असेल आणि महिनाभर घेऊन ती अचानक बंद केली, तर पेशंट चक्कर येऊन पडतो. पुढच्या डॉक्टरला कळणार कसं? सगळा रेकॉर्ड पेशंटच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी घरी राहिलेली. पुडी बांधणारा एमबीबीएस आहे की होमिओपॅथीचा बीएचएमएस, याने त्यात काय फरक पडतो?

बरं, हे शिकायला विलायतेकडे बघायचीही गरज नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून जेन्टामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. त्या बायकांकडे डिग्री नव्हती. ठरलेल्या दिवशी घरी जाणं होतं, भरलेला फॉर्म होता, तो तपासणारा वरिष्ठ होता. आयएमएचा मुद्दा खोटा नाही; एका वर्षात फार्माकॉलॉजी अंगात मुरत नाही. पण मुरलेली फार्माकॉलॉजीसुद्धा वहीशिवाय आंधळीच.

इतकं लिहून झाल्यावर कबूल करायला हवं की मी चांगलं ते इकडचं आणि वाईट ते तिकडचं उचललंय. इथे सकाळी ८ला फोन लावा, रांगेत विसावा नंबर; १० मिनिटांत एकच तक्रार सांगा; दर वेळी नवा लोकम, म्हणजे बदली डॉक्टर. नॉर्वेतल्या लाखो लोकांच्या नोंदींवरचा २०२२चा अभ्यास सांगतो की १५ वर्षांहून जास्त काळ एकच डॉक्टर असणाऱ्यांमध्ये, वर्षभराचीच ओळख असणाऱ्यांच्या मानाने, मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्के कमी दिसते. ती ओळख आपल्या तालुक्याच्या गावात अजून फुकट मिळते. रात्री ९ला दार वाजवलं तरी उघडतं, आणि आत गेल्यावर आधी थोरल्याचं लग्न जमलं का हे विचारतात. इथे माझ्या रक्तातलं पोटॅशियम सगळ्यांना ठाऊक आहे, आडनावाचा उच्चार कुणाला येत नाही.

गावी गेलो की मी जुन्याच डॉक्टरांकडे जातो. पाटीवर त्यांची डिग्री काय आहे, मी कधी वाचलेली नाही. रक्त मात्र निघण्याआधी इथेच तपासून घेतो.