सवलत थांब्यापर्यंत, आई उंबऱ्यापर्यंत

माझी आई ८७ वर्षांची आहे. सदाशिव पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. डोळे तपासायला जायचं तर एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकले की मगच पुढची. खाली यायला वीस मिनिटं लागतात. मग रिक्षा. वॉकर दिसला की बरेच जण थांबतच नाहीत, थांबले तर "जवळचं भाडं नको, ताई." गेल्या महिन्यात असे चार गेले. आई म्हणाली, "राहू दे गं, दिसतंय मला बरंच." आम्ही परत वर चढलो.

ज्येष्ठांसाठी सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, खेड्यापाड्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना त्याचा खरा आधार झालाय. पण ही सवलत बसमध्ये चढल्यावर मिळते. लो-फ्लोअर बसचा तळही रस्त्यापासून साधारण ४० सेंटिमीटर वर असतो. आईला तेवढंही चढवत नाही. आणि थांब्यापर्यंत तिला कोण नेणार?

लंडनमध्ये 'डायल-अ-राइड' आहे. ज्यांना बस किंवा ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, झेपत नाही त्यांच्यासाठी छोटी गाडी दारात येते, चालक हात धरून गाडीत बसवतो. भाडं नाही. वय ८५ झालं की वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही.

हे आपल्याकडे जमणार नाही, असं कृपा करून म्हणू नका. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्यांना घरून मतदान करता आलं. आम्ही १२-डी फॉर्म भरला आणि आख्खं पथक दोन जिने चढून आलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, आईने ठेवणीतली साडी नेसून मत दिलं. यादी होती, पत्ता होता, वेळ कळवली होती, माणसं वेळेवर आली. मतासाठी हे होतं, तर दवाखान्यासाठी का नाही? प्रत्येक प्रभागात दोन छोट्या गाड्या, आदल्या दिवशी फोनवर नोंदणी आणि जिन्यात हात धरायला एक मदतनीस. सुरुवातीला एवढंच द्या. परवडेल तेवढं भाडं आम्ही देऊ.

आणि फक्त दवाखानाच कशाला? आईची शाळेतली मैत्रीण कोथरूडला राहते, पाच-सहा किलोमीटरवर. दोन वर्षं झाली, दोघी भेटलेल्या नाहीत. रोज चारला फोन होतो. परवा ठेवताना आई म्हणाली, "तूच ये की." पलीकडून उत्तर आलं, "मला तरी कोण आणणार?"