'डिग्री कशाला, मन लागतं': एका फॉरवर्डचा प्रतिवाद

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज आमच्या सोलापूरच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवशी तीन ठिकाणांहून आला: माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि शेजारच्या वहिनींकडून खास वेगळा, कारण त्यांच्या लेकीने समाजकार्याच्या कोर्सचं मनावर घेतलंय. मजकूर साधारण असा: समाजसेवेला डिग्री नाही, मन लागतं, बाबा आमट्यांनी कुठे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं होतं? पगार घेऊन केली ती सेवा कसली? कुठेच नंबर न लागलेली पोरं हा कोर्स करतात आणि जन्मभर एनजीओत दहा-बारा हजारांवर राबतात. सोलापुरात तर याला स्कोपच नाही. तेव्हा आधी कमवा, समाजसेवा रिटायर झाल्यावर करा.

मी याच गावात बरीच वर्षं हे काम पगार घेऊन करतेय. त्यामुळे वहिनींना 'बघते हं' म्हणून सोडून देणं जमलं नाही.

आधी बाबा आमटे. ते शिकलेले वकील. कुष्ठरुग्णांसाठी काम करायचं ठरल्यावर ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं प्रशिक्षण घेऊन आले. मन तर आधीच होतं की! मेसेज लिहिणाऱ्याने चुकीचं उदाहरण निवडलं. आपल्याच गावचं घ्यायचं तर भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. डॉक्टरकीची पदवी होती म्हणून त्यांची सेवा कमी अस्सल, असं कुणी म्हणत नाही.

नुसत्या मनाने काय होतं, ते मी माझ्यावरूनच सांगते. एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षी क्षेत्रकार्यात, म्हणजे वस्तीत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामात, मला सोलापूरच्या पूर्व भागातला एक टीबीचा पेशंट दिला होता. यंत्रमागावर टॉवेल विणणारा, तिशीतला. दोन महिने गोळ्या घेऊन त्याने बंद केल्या होत्या. मी गेले आणि दारातच उभी राहून मनापासून बोलले: कोर्स किमान सहा महिन्यांचा असतो, अर्ध्यात सोडला तर जंतू औषधाला दाद देत नाहीत, घरात लहान पोर आहे. तो 'होय ताई, होय ताई' करत राहिला. पुढच्या आठवड्यात बघते तर गोळ्यांचं पाकीट तसंच. माणूस बेजबाबदार आहे, असं मी अहवालात लिहून टाकलं.

आमच्या पर्यवेक्षक बाईंनी त्या अहवालावर लाल पेनाने एवढंच लिहिलं: 'तो जेवतो कधी?'

मी विचारलंच नव्हतं. पुढच्या भेटीत त्याच्या आईजवळ खाली बसले. तिच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोलताना बोटं थांबत नव्हती, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. तिचं तेलुगू, माझं मराठी, आणि मधे दोघींचं मिळून सोलापुरी. तासाभरात उलगडलं ते असं: मुलगा रातपाळीला. सकाळी आठला येतो, उपाशीपोटी गोळ्या घेतो आणि आडवा होतो. पोटात ढवळतं, झोप लागत नाही. मग रात्री मागावर डुलकी येते आणि मालक ओरडतो. नोकरी वाचवायला त्याने गोळ्या सोडल्या होत्या.

डॉक्टरांशी बोलले. थुंकी पुन्हा तपासली, उपचार पुन्हा सुरू झाले, आणि गोळ्यांची वेळ पाळीला निघण्याआधीच्या जेवणानंतरची ठरली. आई समोर बसायची. त्या घरात बसून मी 'टीबी' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही, कारण भिंतीपलीकडे शेजारणी विड्या वळत बसलेल्या असत. त्यांच्या लेखी मी रेशनकार्डवाली बाई. पहिल्या दिवशी दारात मोठ्याने बोलले तेव्हा शेजारचं दार नशिबाने बंद होतं. त्याबद्दल बाईंनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

काय विचारायचं, कुठे गप्प बसायचं, काय कागदावर आणायचं नाही, हे शिकवावं लागतं. त्याला व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात. दोन वर्षांच्या एमएसडब्ल्यूत आठवड्याचे साधारण दोन दिवस याच्यासाठी वस्तीत जातात आणि प्रत्येक भेटीचा अहवाल लिहावा लागतो. भारतात हे शिक्षण काही कालपरवा आलेलं नाही. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने त्याची संस्था निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

आता पगाराचं. 'पगार घेऊन केली ती सेवा कसली' हे सिव्हिलमधल्या सिस्टरना कुणी ऐकवत नाही. घोळ शब्दाचा आहे. समाजसेवा कुणीही करावी. आपल्याकडे तर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गल्लीगल्लीत थोर समाजसेवक आहेत. समाजकार्य हा मात्र पेशा आहे, त्याला कामाचे तास आहेत, जबाबदारी आहे, आणि चूक झाली तर जाब आहे.

मेसेजमधली खरी गंमत मात्र वेगळीच. एका वाक्यात तो म्हणतो पगार घेऊ नये, लगेच पुढे म्हणतो पगार फार कमी. अहो, पहिल्या वाक्याच्या जिवावरच तर दुसरं खरं होतं! एका संस्थेत मी पगारवाढ मागितली तेव्हा तिथले विश्वस्त म्हणाले, "ताई, आपण सेवेसाठी आलोय ना?" ते स्वतः सेवेसाठी एसी गाडीतून यायचे. वर्षभराने मी ती संस्था सोडली.

पण पगार कमी आहे, हे मी नाकारणार नाही. लहान संस्थांत सुरुवात खरोखरच तुटपुंजी असते. करार ११ महिन्यांचा, आणि अनुदान लांबलं की पगारही लांबतो. त्यात २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेने आपल्याकडची परदेशी देणगी लहान संस्थेला पुढे देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गावोगावच्या छोट्या संस्थांचा श्वास तिथे कोंडला. हे वहिनींच्या लेकीला आधीच माहीत असलेलं बरं.

फक्त एमएसडब्ल्यू म्हणजे एनजीओच, हे कुणी सांगितलं? सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचं पद असतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथे बिलाचा कागद आणि घाबरलेला नातेवाईक यांच्या मधे वैद्यकीय समाजसेवक उभा असतो. एखादा मुलगा गुन्ह्यात सापडला तर बाल न्याय मंडळासमोर त्याला पहिल्यांदा आणल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपासणी अहवाल अपेक्षित असतो. मोठ्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनच बंधनकारक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्चावे लागतात, आणि तो खर्च राबवायला माणसं लागतात. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी आहेत, सरकारी भरती निघता निघत नाही, हेही खरं. पण 'जन्मभर दहा हजार' ही एकच वाट नाही.

सोलापुरात स्कोप नाही, हे वाचून तर मला हसू आलं. घराघरात विड्या वळणाऱ्या बायका आपल्याकडे, यंत्रमागाचे कामगार आपल्याकडे, जिल्ह्यात ऊसतोडीची टोळी दरवर्षी येते आणि तिच्याबरोबर पोरांच्या शाळेचा प्रश्न येतो. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं जमतात आणि त्यात हरवलेली म्हातारी माणसं घरी पोचवायची असतात. सोलापूरजवळ कुंभारीला आधी विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, मग असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. घर मिळालं की वेगळीच कामं सुरू होतात: अंगणवाडी, बस, पाणी, नवे शेजारी, जुन्या गल्लीत राहिलेली विडीची मजुरी. समुदाय संघटनाचा, म्हणजे वस्तीतल्या लोकांना एकत्र आणून काम करायला शिकण्याचा, एवढा मोठा वर्ग पुण्यातल्या पोरांना कुठे मिळणार? टाटा संस्थेचा एक परिसर तर इथून ४५ किलोमीटरवर तुळजापुरात आहे. लांबलांबची पोरं तिथे येऊन शिकतात, आणि आम्ही म्हणतो, इथे काय ठेवलंय बे!

कुठेच नंबर न लागलेल्यांचा कोर्स? माझ्या वर्गात तसे तीन-चार होते, त्यात मीही एक. पुढे.

राहिलं रिटायर झाल्यावरचं. साठीत जिने चढवत नाहीत, पण ती अडचण किरकोळ. त्या लूमवरच्या माणसाकडे तेवढा वेळ नव्हता.

वहिनींच्या लेकीला मी घरी बोलावलं होतं. ॲडमिशनआधी कॉलेजात काय विचारायचं ते तिने लिहून घेतलं: क्षेत्रकार्य कुठे कुठे देता, पर्यवेक्षक वस्तीत येतात की नुसत्या सह्या करतात, गेल्या वर्षीची मुलं कुठे लागली. आणि जमलं तर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीची वही मागून बघ म्हटलं. रुग्णांची नावं खरी लिहिलेली दिसली तर त्या कॉलेजात जाऊ नकोस.