दोन टाक्यांचा गुडघा

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर परवा मामांनी एक मेसेज टाकला. वर तीन लाल दिवे, खाली जोडलेले हात. 'दुर्बिणीने गुडघ्याचे ऑपरेशन केलेल्यांनी जरूर वाचा. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत.' असले मेसेज मी वाचते आणि सोडून देते. गोव्यात, फोंड्याला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवणारीने प्रत्येक फॉरवर्डशी भांडायचे ठरवले तर पेशंट बघायचे कधी? पण हाच मेसेज त्या आठवड्यात तीन पेशंटांनी आपापल्या मोबाईलवर मला दाखवला, आणि त्यातल्या एकाने तो पाळलाही होता.

मेसेज थोडक्यात असा: ऑपरेशन दोन टाक्यांचे, तिसऱ्या दिवशी माणूस कामावर. फिजिओथेरपी म्हणजे पैसे काढायचा धंदा, घरात चालले की पुरे. रात्री गुडघ्याखाली जाड उशी घ्या. पहिल्या दिवसापासून गरम शेक आणि तेलाने जोरात मालीश. पंधरा दिवसांत मांडी घाला, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल. दुखायचे थांबले की बरे झाले, खेळायला मोकळे. पायाचे सूप प्या, गुडघ्यातली गादी पुन्हा वाढते. आणि शेवटी, साठीनंतर प्रत्येकाने एकदा दुर्बिणीने गुडघा 'साफ' करून घ्यावा, म्हणजे सांधा बदलायची पाळी येत नाही.

'दोन टाके, तिसऱ्या दिवशी कामावर.' टाके दोनच असतात हे खरे. दुर्बीण साधारण ४ मिलिमीटर जाडीची, तिच्यासाठी केलेली चीर सेंटिमीटरभरही नसते. पण दाराच्या फटीतून बघणाऱ्याला आत नुसता केर काढला की भिंत बांधली, हे फटीच्या रुंदीवरून कसे कळणार? त्या दोन भोकांतून निदान तीन अगदी वेगळी कामे होतात. गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा, फाटलेला तुकडा कापून काढणे हे एक. फाटलेली गादी शिवणे हे दुसरे. गुडघ्याच्या आत हाडाला हाड बांधणारे एसीएल नावाचे लिगामेंट तुटले तर त्याच्या जागी स्वतःच्याच शरीरातली शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घेऊन नवे लिगामेंट बसवणे हे तिसरे. बाहेरून तिघांचे पाय जवळजवळ सारखेच दिसतात. एसीएलवाल्याला शीर काढलेल्या जागी एखादी चीर जास्त, इतकाच फरक.

तुकडा कापलेला माणूस बहुधा त्याच दिवशी पायावर भार देतो, कुबडी चार-आठ दिवसांत सुटते, बैठे काम आठवड्याभरात सुरू होते. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक असाच एखादा शेजारी पाहिला असावा. शिवलेल्या गादीचे गणित मात्र उलटे. गादीच्या बाहेरच्या कडेलाच काय तो रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो. म्हणून आत फाटली की सहसा कापतात आणि कडेला फाटली की शिवायचा प्रयत्न करतात, कारण तिथे ती सांधू शकते. म्हणजे ज्याची गादी वाचली त्याचे नशीब चांगले, आणि नेमके त्यालाच जास्त दिवस थांबावे लागते: ब्रेस, कुबड्या, चार ते सहा आठवडे जपून टाकलेला भार. हे पेशंटला पटवणे फार कठीण जाते. 'त्याचं तर कापून टाकलं, तो आठव्या दिवशी स्कूटर चालवतोय. माझं नुसतं शिवलंय आणि मी अजून कुबडीवर?' हो, शिवलेय म्हणूनच.

मेसेज पाळणारा तो हाच. डिचोलीकडचा, चाळिशीतला, गादी शिवलेली. नवव्या दिवशी चवथ होती. गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी घरी दरवर्षी हाच बांधतो, म्हणून स्टुलावर चढला, मग खाली उतरून नारळ-सुपाऱ्या निवडायला उकिडवा बसला. संध्याकाळी गुडघा भोपळ्यासारखा. टाका सुटला नव्हता हे त्याचे दैव. पण घुमट आरतीला तो सोप्यावर पाय उंच ठेवून बसून होता आणि पुढचे तीन आठवडे माझ्याकडे येत होता.

तेव्हा डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचे नाव काय लिहिले आहे ते वाचा. गोमेकॉचे, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजचे, कार्ड असो की खासगी इस्पितळाचे, कळत नसेल तर विचारा: 'कापलं, शिवलं की नवं बसवलं?' पुढचा सगळा हिशेब ह्या एका उत्तरावर आहे.

'फिजिओथेरपी म्हणजे धंदा.' इथे मी पक्षकार आहे, तेव्हा माझे बोलणे थोडे चाळूनच घ्या. आधी कबुली देते. नुसता तुकडा कापलेल्या, धडधाकट माणसाला महिनाभर रोज दवाखान्यात यायची गरज नसते. व्यायाम नीट शिकवले, एक-दोनदा तपासले आणि त्याने घरी इमानाने केले, तर बहुतेकांचे भागते. रोज बोलावून नुसते मशीन लावणारा कोणी भेटला असेल, तर मेसेजवाल्याची चीड मला कळते.

पण 'घरात चालले की पुरे' हे चूक, आणि त्याचे कारण मजेदार आहे. सांध्यात पाणी भरले की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जासंस्था परस्पर आवर घालते. दुखत नसले तरीही. निरोगी माणसांच्या गुडघ्यात नुसते सलाइन भरून हे प्रयोगांत पाहिलेले आहे. स्नायूचा आतल्या बाजूचा भाग तर २०-३० मिलिलिटर पाण्यानेच ढिला पडतो. म्हणजे चार-सहा चमचे. मग माणूस चालतो, पण लंगडत, गुडघा पूर्ण सरळ न करता, आणि शरीर तेच लंगडणे शिकून घेते. दोन महिन्यांनी 'चालतो तर आहे, पण पायऱ्या उतरताना पाय दगा देतो' म्हणत माझ्याकडे येतात, तेव्हा मांडी बघून कळते की एक जाड आणि एक बारीक झाली आहे.

त्यावरचा पहिला व्यायाम पलंगावर पडल्या पडल्या होतो. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी, मांडी आवळून ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. पखवाज वाजवणाऱ्या एका पेशंटला सेकंद मोजणे जमेना, तेव्हा मात्रा मोजायला सांगितले. मग तो दहाऐवजी तीस वेळा करू लागला. शिवाय घोटा वरखाली, टाच सरकवत गुडघा वाकवणे, सरळ पाय उचलणे. कुठला कधी सुरू करायचा ते ऑपरेशनवर.

आणि 'घरात चालणे' म्हणजे कुठल्या घरात? आमच्या जुन्या घरांना चिऱ्याच्या उंच पायऱ्या, पावसात त्यांवर शेवाळ. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एकच कुबडी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. निम्मे लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. कदंब बसच्या पायरीला हाच नियम. फेरीबोटीचा उतार भिजलेला असेल, तर पहिले काही आठवडे कोणाचा तरी हात धरा, लाज सोडा.

उशी: नको. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, कारण किंचित वाकलेल्या गुडघ्यात पाण्याला जागा मिळते. पण रात्रभर वाकलेला गुडघा सकाळी सरळ व्हायला नकार देतो. पाय उंच ठेवायचाच तर आधार टाचेखाली.

शेक आणि मालीश. पहिल्या दिवसांत गुडघा मुळातच गरम आणि सुजलेला असतो. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली की सूज आणखी वाढते. तिथे बर्फ हवा, कापडात गुंडाळून, १५-२० मिनिटे, दिवसातून काही वेळा. फ्रिजरमधली मटारची पिशवी उत्तम बसते. मासळीच्या पेटीतला खडा उचलून थेट कातडीवर ठेवू नका. एका पेशंटने ठेवला होता, कातडी भाजल्यासारखी झाली. जखमा भरेपर्यंत त्यांवर तेल, लेप, निर्गुंडीचा पाला, काहीच नको. आत सांध्यात जंतू गेले तर ते निस्तरणे मूळ ऑपरेशनपेक्षा महाग पडते. भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, भेगाळलेल्या टाचेला लावा, तिथे माझी हरकत नाही.

मालीशबद्दल मात्र थट्टा नाही. ऑपरेशननंतर पोटरी दुखते, ताठरते, तेव्हा घरातले प्रेमाने ती रगडायला घेतात. पोटरीत रक्ताची गुठळी झाली असेल तर रगडल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ह्या ऑपरेशनांत असे क्वचित होते, पण होते. पोटरी एकाच बाजूची सुजली, गरम आणि दुखरी झाली, तर हात न लावता डॉक्टर गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखले तर त्याच क्षणी १०८. ताप, जखमेतून पू किंवा सतत पाझर, दिवसेंदिवस कमी व्हायच्या ऐवजी वाढणारे दुखणे, यांनाही 'बघू उद्या' नाही. एवढ्या लांबलचक मेसेजात ह्यातले एक अक्षर नव्हते, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. उलट चालताना गुडघ्यात पहिले काही दिवस खळखळ ऐकू येते, त्याला लोक घाबरतात. ऑपरेशनच्या वेळी सांधा पाण्याने फुगवतात, त्यातले उरलेले ते. जिरते.

'पंधरा दिवसांत मांडी घाला.' गुडघा आखडेल ही भीती खोटी नाही, फक्त दिशा चुकली आहे. लोकांना वाकण्याची काळजी, आम्हाला सरळ होण्याची. वाकणे बहुधा हळूहळू येते, पण पहिल्या आठवड्यांत पूर्ण सरळपणा आला नाही तर तो नंतर मिळवणे जिकिरीचे होते. गादी शिवलेल्याला तर बहुतेक सर्जन पहिले चार-सहा आठवडे ९० अंशांपुढे वाकूच देत नाहीत, आणि उकिडवे बसणे कित्येक महिने बंद ठेवतात, कारण खोल वाकताना मांडीचे हाड गादीच्या मागच्या भागावर, म्हणजे बऱ्याचदा टाका असतो तिथेच, दाबते. देशी संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते, ती ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा.

भजनाला मांडी घातल्याशिवाय सूर लागत नाही, असे आमचे बुवा म्हणतात. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते. खुर्चीत बसून टाळ धरला म्हणून देव रुसल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

'दुखायचे थांबले की खेळा.' ह्या वाक्याने गोव्यात किती गुडघे दुसऱ्यांदा तुटले असतील देव जाणे. भात कापून झाले की शेताशेतांत गोलपोस्ट उभे राहतात, आणि एसीएल करून चार महिने झालेला पोरगा काठावर बसून राहत नाही. त्याला दुखत नसते, हीच अडचण. आत बसवलेली शीर आधी जवळजवळ मरते, मग तिच्यात नवे रक्त शिरते, मग ती हळूहळू लिगामेंटसारखी होत जाते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सगळ्यात कच्ची असते, नेमके तेव्हाच पोराला वाटते की आपण ठणठणीत झालो. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात दिसले की, खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत जेवढे महिने पुढे ढकलले, तेवढ्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटले. नऊ महिने झाले तरी नुसत्या कॅलेंडरवर मी सोडत नाही. एका पायावर उडी मारायला लावते, आणि चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के अंतर गेले पाहिजे. शिव्या खाते, पण लावते.

पायाचे सूप: प्या, झकास लागते. त्याने गादी वाढत नाही.

राहिले ते 'साठीनंतर साफसफाई'. मेसेजातली ही सगळ्यात खर्चिक ओळ. सांधा म्हणजे स्कूटरचा कार्बोरेटर नव्हे. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० पेशंटांवर एक चाचणी झाली. काहींचा गुडघा दुर्बिणीतून खरवडून साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींना फक्त कातडीवर चिरा दिल्या, आत काहीच केले नाही. दोन वर्षांनी तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक निघाला नाही. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये १४६ जणांवर, वयोमानाने फाटलेल्या गादीसाठी, तशीच खोट्या ऑपरेशनशी तुलना झाली आणि निकाल तोच. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञांच्या शिफारशीत झिजेच्या जवळजवळ सगळ्या गुडघ्यांसाठी दुर्बिणीच्या ऑपरेशनला स्पष्ट नकार दिला आहे. तरुण गुडघ्याला खेळताना झालेली ताजी इजा, किंवा गादीचा तुकडा अडकून सांधा हलेनासा होणे, ह्या वेगळ्या गोष्टी. झिजेवर मांडीची ताकद वाढवणे आणि वजन उतरवणे हे कंटाळवाणे उपाय आहेत, आणि त्यांनी सांधा नवा होत नाही. दुखणे मात्र कमी होते.

मामांनी मेसेज का टाकला होता ते हे सगळे फोनवर सांगताना कळले. त्यांचे वय ६८, उजवा गुडघा दुखतो, आणि पुढच्या गुरुवारी 'साफ करून घ्यायची' तारीख ठरवायला ते पणजीला जाणार होते. 'बाय, दोनच टाके गे,' म्हणाले. संध्याकाळी तालमीला गेले तेव्हा मी त्यांना कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. माझा गुडघा अडकतो म्हणून करताय, की एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसली म्हणून? तीन महिने व्यायाम करून पाहिला तर काही बिघडेल का? आणि आत नेमके काय करणार, कापणार की शिवणार? मामांनी चश्मा लावून तो दोनदा वाचला, घडी करून टाळांच्या पिशवीत ठेवला, आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढली.