स्प्लिट पिन काढून वेल्डिंग मारायला सांगणारा तो मेसेज

जीप-जिप्सीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा दांडा, आयुष्यभर वाकणार नाही, असं सांगून त्यात उपाय दिलेत. रॉडवर लोखंडी अँगल वेल्ड करा, नाहीतर पाईपऐवजी भरीव सळई टाका. वाकलेला रॉड गॅसवर तापवून सरळ करा. रॉडच्या टोकांच्या बॉल जॉइंटचे रबरी बूट (टोपणं) काढून टाका, त्यांत चिखल अडकतो. खाचांच्या कॅसल नटमधून ओवून तो सुटू न देणाऱ्या स्प्लिट पिनच्या भानगडीत न पडता नटलाच वेल्डिंगचा टाका मारा. स्टिअरिंग डँपर बसवा. आणि हे थार, जिप्सी, जिम्नी सगळ्यांना चालतं. काल माझ्या भाच्याने तो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, शनिवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गाडी टाकतोय, एकदाच सगळं करून घेतो."

नाही करायचं. आधी बूट आणि पिनबद्दल बोलतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

टाय रॉडच्या टोकाला सॉकेटमध्ये एक गोळा फिरत असतो. ग्रीस आत आणि चिखल बाहेर राहावा म्हणून त्यावर बूट असतो. बूट काढला की पहिल्याच पावसाळी ट्रेलवर रेती ग्रीसमध्ये मिसळते आणि गोळ्याला घासत बसते. प्ले, म्हणजे जोडातला ढिलेपणा, वाढत जातो आणि एक दिवस गोळा सॉकेटमधून निसटतो. स्टिअरिंग तुमच्या हातात असतं, पण एक चाक मोकाट सुटतं. हे खडकावर, चालण्याच्या वेगातच होईल याची हमी कोण देणार? आपल्याकडे बहुतेक जण गाडी ट्रेलरवर लादून नेत नाहीत. तीच चालवत कसारा घाट उतरायचा असतो, भिवंडीच्या कंटेनरांमधून घरी यायचं असतं.

नटला टाका मारणं त्याहून वाईट. रॉड एंडचा, म्हणजे टोकाच्या जॉइंटचा, स्टड (नट बसतो तो खुंट) घडवलेल्या, ताकद दिलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगने तो तापतो, झटकन निवतो आणि टाक्याच्या कडेला ठिसूळ होतो. तडा तिथूनच सुरू होतो. आतलं ग्रीस जळतं, प्लास्टिकचं अस्तर असेल तर वितळतं. पुढे जॉइंट बदलायचा तर कापावाच लागतो. दोन रुपयांची पिन वाचवायला हे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 98 उघडून बघा. स्टिअरिंग जोडणीच्या सगळ्या बॉल जॉइंटना रबरी टोपणं हवीत, बोल्ट किंवा पिन पक्के लॉक केलेले हवेत, आणि स्टिअरिंग व्हीलवर 30 अंशांपेक्षा जास्त प्ले नको. बूट काढायचा सल्ला सरळसरळ या नियमाच्या विरोधात जातो.

जॉइंट गेलाय का, हे बघायला वेल्डर लागत नाही. इंजिन बंद ठेवा, कुणालातरी स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खाली जॉइंटवर तळहात ठेवा. गेलेला जॉइंट हाताला 'टक' लागतो.

आता भरीव सळई. 25 मिमीची भरीव सळई आणि बाहेरून 32 मिमी व्यासाचा, 5 मिमी जाडीचा पाईप घ्या, पोलाद एकच. पाईप दुपटीहून जास्त ताठ भरतो आणि वजनाला साधारण 14 टक्के हलका. ताठपणा बाहेरच्या व्यासाने वाढतो, पोट भरल्याने फारसा नाही. तापवून सरळ केलेला रॉड तर पुन्हा त्याच जागी वाकतो.

अँगलबद्दल एवढं मान्य करतो: डोंगरात रॉड वाकला, तर त्याला अँगल किंवा जॅकचा दांडा क्लँपने बांधून हळूहळू डांबरी रस्त्यापर्यंत येता येतं. मेसेजमध्ये खरं आहे ते इतकंच. कायमचा अँगल टोकांपर्यंत वेल्ड केला की पाईप फिरवून टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल, जुळवायची सोय संपते. शिवाय रॉड वाकलाच नाही, तर दणका पुढे नकलला (चाक ज्यावर वळतं तो भाग), स्टिअरिंग आर्मला, स्टिअरिंग बॉक्सला बसतो. वाकलेला रॉड लगेच कळतो: स्टिअरिंग तिरकं होतं, टायर लवकर झिजतात. बॉक्सच्या आतला तडा कळत नाही.

डँपर झटके मऊ करतो, रॉडला वाचवत नाही. आणि 2020 नंतरच्या थारला पुढे सरळ ॲक्सलच नाही. रॅकपासून, म्हणजे स्टिअरिंगच्या दातेरी पट्टीपासून, चाकापर्यंत आखूड रॉड असतात. जिप्सी-जिम्नीचा लांब टाय रॉड तिथे नसतोच, मग अँगल लावणार कुठे?

रॉड मजबूत करायचाच असेल तर जाड भिंतीचा सीमलेस पाईप घ्या, चांगल्या टर्नरकडून दोन्ही टोकांना उजवे-डावे आटे पाडून घ्या आणि चांगल्या कंपनीचे नवे रॉड एंड लावा. नंतर अलाइनमेंट करायचीच. कॅसल नटची खाच भोकाशी जुळत नसेल तर नट सैल करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. पिन दर वेळी नवी.