दहा शब्द, अकरा चुका

श्रुतलेखनासारखी सोयीची परीक्षा दुसरी नाही. तुम्ही बोलायचं, मुलांनी लिहायचं. तयारी लागत नाही, आणि तेवढा वेळ वर्गही शांत राहतो. शब्द मात्र विचारपूर्वक निवडा. मुलांच्या रोजच्या बोलण्यातला एकही नको. सात वर्षांच्या मुलाने उभ्या हयातीत 'मनःस्थिती' हा शब्द उच्चारलेला नसतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. 'उज्ज्वल' आणि 'महत्त्व' हे हुकमी एक्के. एकातला जादा ज आणि दुसऱ्यातला जादा त सहसा कुणाच्या कानावर पडत नाही, म्हणूनच ते विचारायचे. ऐकू येणारी अक्षरं काय, कुणीही लिहून घेईल.

'आशीर्वाद' तर सोडूच नका. त्याचं 'आर्शिवाद' हमखास होतं: रफार एक घर आधी येऊन बसतो आणि वेलांटी पहिली पडते. एका शब्दात दोन चुका. असे तीन-चार शब्द पेरले की १० शब्दांत ११ चुका काढणं अवघड नाही. गुण शून्याखाली जाऊ लागले, तर शून्यावरच थांबून मनाचा मोठेपणा दाखवा. (मी स्वतः हा शब्द मोबाइलवर तपासल्याशिवाय सांगत नाही, पण मुलांसमोर मोबाइल काढायचा नसतो.)

आता उच्चार. ह्रस्व-दीर्घ आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून वेगळं निघत नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. म्हणून बघा, दोन्ही सारखेच येतील. कागदावरचा हा फरक कानाने ओळखायचा आहे, हे मुलांना ठणकावून सांगा. फारच दया आली तर 'पूऽऽल' असं ओढा. मुलं ताबडतोब दुसरा उकार देतील आणि तुम्हाला शिकवल्याचं समाधान मिळेल. मग त्याच सवयीने पुढचा शब्द म्हणा, 'पूऽऽलावर'. मुलं विश्वासाने 'पूलावर' लिहितील. तिथे गुण कापा, कारण प्रत्यय लागला की हा उकार ह्रस्व होतो. मुलांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी तुमचं ऐकलं.

वेग तुमचा ठेवा. मागच्या बाकावरचं मूल तिसऱ्या शब्दातल्या जोडाक्षराशी झटत असताना तुम्ही पाचव्यावर असायला हवं. 'पुन्हा सांगणार नाही' हे वाक्य मात्र हवं तितक्या वेळा पुन्हा सांगता येतं.

तपासताना चुका मोजाव्यात, वाचत बसू नये. वाचण्यात धोका कसा असतो, ते सांगतो. समजा, तुम्ही 'फुलाला' असा शब्द घातलात. एकाने लिहिलं 'फलाला'. याला उकाराचा आवाज अजून अक्षराशी जोडता येत नाही. त्याच्याजवळ बसून 'फ, फु, फू' पासून सुरुवात करावी लागेल. दुसरीने लिहिलं 'फूलाला'. हिला 'फूल' दीर्घ हे पक्कं ठाऊक आहे आणि ती ते इमानाने सांभाळते आहे. नियमाचं अर्धं अंतर तिने कापलंय, सामान्यरूपात काय होतं तेवढं कळायचं राहिलं. तिसऱ्याने लिहिलं 'फुलला'. त्याला सगळं येतं, हात घाईत होता, स्वतःच वाचून पाहिलं असतं तर सापडलं असतं. म्हणजे तीन मुलांना तीन वेगळ्या गोष्टी शिकवणं आलं! त्यापेक्षा तिघांना एकेक लाल फुली देऊन मोकळं व्हावं. वर्गात चाळीस वह्या असतात.

अनुस्वाराच्या बाबतीत विशेष कडक राहा. 'बाईंनी सांगितले' यात 'ईं'वरचं टिंब आदरार्थी बहुवचनाचं, म्हणजे साक्षात तुमच्या आदराचं आहे. ते विसरणाऱ्याला माफी नाही.

हे टिंब एकेकाळी बरंच उदार होतं. 'नांव', 'कांहीं' असं लिहायची रीत होती, उच्चारात काही नसलं तरी. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या १४ नियमांनी न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना रजा दिली, आणि १९७२ साली ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. म्हणजे आजोबांचे गुण टिंब न दिल्याबद्दल गेले आणि नातवाचे दिल्याबद्दल. शब्द तोच, उच्चार तोच. ही माहिती वर्गात फोडू नका. शुद्धलेखन माणसांनी बैठकीत बसून ठरवलं, हे कळलं तर मुलं उद्या स्वतःची बैठक बोलावतील.

चुकलेला प्रत्येक शब्द १० वेळा लिहायला द्या. मुलं तो कसा लिहितात, हे कधी लांबून बघा. आधी आ, आ, आ अशी दहा ओळींची उतरंड, मग शेजारी शी, शी, शी, मग र्वा, मग द. शब्द एकदाही न लिहिता दहा वेळा लिहून होतो. दुसऱ्या ओळीत वेलांटी चुकली असेल तर तीच खाली आठ वेळा गिरवली जाते. तरीही वहीवर बरोबरची खूण करा; पान भरलेलं दिसतंय ना.

आणि एखाद्या मुलाने पेन्सिल थांबवून विचारलंच, 'बाई, पहिली की दुसरी?', तर तेवढं काही सांगू नका. 'नीट ऐक', असं म्हणा, आणि तोच शब्द तसाच, फक्त जरा मोठ्याने म्हणा.